रक्तातील दाह आणि मनाची व्यथा

जमाखर्च आणि रुग्णसेवेचा आढावा यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाची सोप्या शब्दांत ओळख करून द्यावी, ही आमच्या वार्षिक अहवालाची जुनी प्रथा आहे. यंदाचा विषय थोडा अवघड आहे आणि घराघरांत तो बोलायलाही जड जातो. जगणे नकोसे वाटण्याचा विचार आणि रक्तातील दाहाची लक्षणे यांचा काही संबंध आहे काय, हा तो विषय होय.

तो निवडण्यास दोन प्रश्न निमित्त झाले. बाह्यरुग्ण विभागात एका वडिलांनी आपल्या मुलीच्या रक्ताचा अहवाल आमच्यापुढे ठेवला. मुलगी नैराश्यासाठी आमच्याकडे उपचार घेत होती आणि ‘मला जगायचे नाही’ असे तिने आईजवळ बोलून दाखवले होते. अहवालात सीआरपी या घटकाचा आकडा ठळक छापलेला होता. वडिलांनी त्यावर बोट ठेवून विचारले, “डॉक्टरसाहेब, हा आकडा खाली आला म्हणजे पोरीच्या डोक्यातले ते विचार जातील ना?” दुसरा प्रश्न आमच्या एका जुन्या देणगीदारांचा. आत्महत्येचा धोका रक्तावरून ओळखता येतो असे त्यांच्या वाचनात आले होते. तशी तपासणी आपल्याकडे सुरू होणार असेल तर खर्चाचा भार उचलण्याची त्यांनी तयारी दाखवली. दोन्ही प्रश्नांमागे कळकळ होती. दोघांनाही तेव्हा घाईत दिलेली उत्तरे आम्हांला अपुरी वाटली, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहोत.

दाह म्हणजे काय?

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. शरीराच्या प्रतिकारशक्तीने त्या जागी पाठवलेल्या पेशींचे आणि रसायनांचे हे काम असते. वैद्यकशास्त्रात यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात शत्रू नव्हे, तो घरचा राखणदार आहे. जंतूंचा बंदोबस्त झाला, जखम भरली की त्याने शांत व्हावे अशी रचना असते. परंतु क्षयासारखा दीर्घ आजार, संधिवात, हिरड्यांचा जुना विकार, लठ्ठपणा, धूम्रपान अशा कारणांनी तो मंदपणे, महिनोन् महिने धुमसत राहू शकतो. असा दाह डोळ्यांना दिसत नाही. तो रक्तात शोधावा लागतो.

हा शोध जुना आहे. रक्तातील तांबड्या पेशी नळीत किती वेगाने तळाशी बसतात, यावरून आजाराचा अंदाज घेता येतो हे पोलंडच्या एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये मांडले. पुढे १९१८ ते १९२१ या काळात स्वीडनमधील रॉबिन फोरियस आणि आल्फ वेस्टरग्रेन यांनी त्या तपासणीला आजचे रूप दिले. आपल्या प्रयोगशाळेतून मिळणाऱ्या अहवालावर ‘ईएसआर’ म्हणून जो आकडा असतो, तो हाच. सीआरपीचा शोध १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्त तपासताना लावला. हे प्रथिन यकृतात तयार होते. ते तयार करण्याचा निरोप यकृताला मुख्यतः ‘इंटरल्युकिन-६’ नावाचा रेणू देतो. प्रतिकारशक्तीच्या पेशी एकमेकींना असे निरोप धाडतात. या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. पुढील सर्व विवेचनात या निरोप्यांचे काम महत्त्वाचे आहे.

आजारी शरीर आणि मलूल मन

ताप आला की भूक जाते, माणसे नकोशी वाटतात, आवडीच्या गोष्टीतही मन रमत नाही आणि अंथरुणातून उठवत नाही. हा अनुभव सर्वांचा आहे. २००६ मध्ये महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तेव्हा ज्यांनी तो ताप सोसला त्यांना तर हे वेगळे सांगायला नको. या अवस्थेची लक्षणे आणि नैराश्याची लक्षणे शेजारी ठेवली, तर बरीचशी सारखी दिसतात. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यक बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये असा विचार मांडला की, आजारी जनावराचे कोपऱ्यात पडून राहणे ही केवळ अशक्तपणाची खूण नसून शक्ती राखून ठेवण्याची शरीराची योजना आहे. रक्तातील निरोपे मेंदूपर्यंत पोहोचतात आणि मेंदू त्याप्रमाणे वागणूक बदलतो.

याचा ठळक पुरावा एका औषधाने दिला. ‘क’ प्रकारची कावीळ आणि काही कर्करोग यांवर इंटरफेरॉन-अल्फा नावाची इंजेक्शने अनेक वर्षे दिली जात. इंटरफेरॉन हाही सायटोकाइनच आहे. ही इंजेक्शने सुरू झाल्यावर, पूर्वी मनाचा कोणताही आजार नसलेल्या कित्येक रुग्णांना खोल नैराश्य येई आणि काहींच्या मनात जीव देण्याचे विचार येत. २००१ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या घातक कर्करोगाच्या ४० रुग्णांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना इंटरफेरॉन सुरू करण्याच्या दोन आठवडे आधीपासून नैराश्यावरील गोळी दिली गेली, तर उरलेल्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी. औषध नसलेल्या गटात ४५ टक्के रुग्णांना तीव्र नैराश्य आले. औषध मिळालेल्या गटात हे प्रमाण ११ टक्के राहिले. बाहेरून दिलेला दाहाचा निरोप्या मन खचवू शकतो आणि ते बऱ्याच अंशी टाळताही येते, हे त्यातून दिसले. सुदैवाने ‘क’ काविळीवर आता गोळ्यांचे प्रभावी उपचार आहेत आणि तेथे इंटरफेरॉनची गरज फारशी उरलेली नाही.

आत्महत्येच्या विचारांशी संबंध

नैराश्य आणि आत्महत्येचा विचार या एकच गोष्टी नव्हेत. नैराश्य असलेल्या बहुसंख्य रुग्णांच्या हातून असा प्रयत्न होत नाही, आणि असा प्रयत्न करणाऱ्या प्रत्येकाला नैराश्याचा आजार असतोच असेही नाही. म्हणून संशोधकांनी या विचारांचा स्वतंत्रपणे शोध घेतला.

स्वीडनमधील लुंड येथील संशोधकांनी २००९ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या ६३ व्यक्ती आणि ४७ निरोगी व्यक्ती यांच्या पाठीच्या मणक्यातील पाण्याची तुलना केली. हे पाणी मेंदूभोवतीही खेळत असते, त्यामुळे मेंदूत काय चालले आहे याची थोडी चाहूल त्यातून लागते. प्रयत्न केलेल्यांच्या पाण्यात इंटरल्युकिन-६ अधिक आढळले आणि ज्यांची मानसिक लक्षणे अधिक तीव्र, त्यांच्यात ते आणखी जास्त होते.

पुढचा दुवा २०१३ मध्ये याच संशोधनपरंपरेतून मिळाला. आपण खातो त्या डाळी, दूध, अंडी यांत ट्रिप्टोफॅन नावाचा घटक असतो. त्यापासून शरीर सेरोटोनिन बनवते. मनाच्या स्थैर्याशी सेरोटोनिनचा संबंध आहे. परंतु दाह वाढला की ट्रिप्टोफॅनचा मोठा भाग दुसऱ्या वाटेला वळतो आणि त्या वाटेवर क्विनोलिनिक आम्ल तयार होते. पाटाचे पाणी एका वाफ्याकडून दुसऱ्या वाफ्याकडे वळवावे, तसा हा प्रकार. क्विनोलिनिक आम्ल मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए नावाच्या ग्राहीला सतत डिवचत राहते. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तींच्या मणक्यातील पाण्यात हे आम्ल निरोगी व्यक्तींपेक्षा लक्षणीय प्रमाणात जास्त असल्याचे या अभ्यासात आढळले.

२०१५ मध्ये अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. आत्महत्येचे विचार वा प्रयत्न असलेल्या रुग्णांत इंटरल्युकिन-१-बीटा आणि इंटरल्युकिन-६ वाढलेले असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये डेन्मार्कमधील सुमारे ७२ लाख लोकांच्या १९८० ते २०११ या काळातील नोंदी तपासल्या गेल्या. जंतुसंसर्गामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागलेल्यांत आत्महत्येने मृत्यू येण्याचा धोका इतरांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी अधिक आढळला. हा आकडा वाचून घाबरून जाऊ नये. मुळातला धोका लहान असतो आणि त्यात झालेली ही वाढ आहे. रुग्णालयात दाखल झालेल्या बहुतेक सर्व व्यक्ती बऱ्या होऊन घरी जातात.

आकड्याने काय सांगता येत नाही

एवढे वाचल्यावर त्या वडिलांचा प्रश्न अगदी स्वाभाविक वाटतो. आकडा खाली आणला की विचारही जातील, असे का म्हणू नये? याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण असे की, सीआरपी हा चुगलखोर असला तरी नाव सांगत नाही. घरात काहीतरी बिघडले आहे एवढेच तो कळवतो. घसा बसला, दाढ दुखली, सांधे सुजले, वजन वाढले तरी तो वाढतो. त्या मुलीचा आकडा तिच्या मनामुळे वाढला की आठ दिवसांपूर्वीच्या खोकल्यामुळे, हे अहवालावरून सांगता येत नाही.

दुसरे कारण हे की, दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही. खचलेला माणूस नीट झोपत नाही, वेळेवर जेवत नाही, हालचाल कमी करतो, कधी व्यसनाकडे वळतो. या सर्वांनीही दाह वाढतो. शिवाय दोन्हींच्या मुळाशी तिसरेच दुःख असू शकते. न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे एक हजार मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा केला जात आहे. ज्यांनी लहानपणी छळ किंवा हेळसांड सोसली, त्यांच्या रक्तात वयाच्या ३२व्या वर्षीही दाहाचे प्रमाण अधिक होते, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. बालपणाची जखम इतक्या वर्षांनंतर रक्तात उमटावी, ही गोष्ट आपणां सर्वांना अंतर्मुख करणारी आहे.

तिसरे कारण उपचारांच्या अनुभवाचे. दाह शमवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर चालेल काय, हे ६० रुग्णांवर तपासले गेले व २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्व रुग्णांचा एकत्र विचार करता औषधाचा फायदा दिसला नाही. ज्यांची सीआरपी सुरुवातीलाच जास्त, लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून अधिक होती, त्यांना फायदा होण्याची चिन्हे दिसली. ज्यांची कमी होती, त्यांच्यात औषध नसलेले इंजेक्शनच सरस ठरले. म्हणजे दाहाचा धागा काही रुग्णांच्या आजारात असावा, सर्वांच्या नव्हे.

यावरून एक कळकळीची सूचना. नैराश्य जावे म्हणून कोणीही आपल्या मनाने वेदनाशामक गोळ्या वा स्टेरॉइड घेऊ नयेत. वेदनाशामकांनी जठराला व मूत्रपिंडाला इजा होऊ शकते आणि स्टेरॉइडमुळे तर मनाचा तोल ढळल्याची उदाहरणे सर्वपरिचित आहेत. क्विनोलिनिक आम्ल ज्या ग्राहीला डिवचते, तोच ग्राही रोखणारे एस्केटामीन हे नाकात फवारण्याचे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाले. आत्महत्येचे विचार असलेल्या तीव्र नैराश्यासाठीही २०२० मध्ये त्याला मान्यता मिळाली. मात्र त्याने आत्महत्या टळते असे सिद्ध झालेले नाही, हे त्याच्या माहितीपत्रकातच नमूद आहे आणि ते वैद्यकीय देखरेखीखालीच द्यावे लागते.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, एक अशी रक्ततपासणी उपलब्ध झाली की जी शंभरांपैकी ऐंशी वेळा बरोबर सांगते. आणि समजा, आमच्याकडे आलेल्या एक हजार रुग्णांपैकी दहा जणांना खरोखरच मोठा धोका आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ही तपासणी त्या दहांपैकी आठ जणांना ओळखील, दोघे निसटतील. उरलेल्या ९९० जणांपैकी मात्र १९८ जणांना ती चुकून धोक्याच्या यादीत घालील. म्हणजे यादीत २०६ नावे आणि त्यांत खरी आठ. त्या १९८ कुटुंबांची झोप उडेल आणि निसटलेल्या दोघांच्या घरी ‘रिपोर्ट चांगला आहे’ म्हणून सगळे निश्चिंत राहतील. हा दुसरा धोका आम्हांला अधिक भयंकर वाटतो. प्रत्यक्षात दाहदर्शक घटकांवर आधारलेली, एखाद्या व्यक्तीविषयी असे भाकीत खात्रीने करणारी कोणतीही तपासणी आज नाही.

याउलट, जी गोष्ट उपयोगी ठरल्याचा पुरावा आहे, तिला यंत्र लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यांत आपल्या चेन्नईतही, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी सोडण्यापूर्वी सुमारे तासभर निवांत बोलणे झाले आणि पुढील अठरा महिन्यांत नऊ वेळा फोनवर किंवा घरी जाऊन त्यांची विचारपूस केली गेली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नेहमीच्या उपचारांच्या गटात या काळात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते. विचारपूस झालेल्या गटात ते ०.२ टक्के होते. एक तास आणि नऊ वेळा ‘कसे आहात?’ असे विचारणे, एवढाच हा उपचार.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ व्यक्तींचा आत्महत्येने मृत्यू झाला. त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातील होत्या आणि राज्यांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा होता. म्हणून आम्ही त्या देणगीदारांना नम्रपणे विनंती केली की, यंत्रासाठी देऊ केलेली रक्कम त्यांनी प्रशिक्षित समुपदेशकाच्या वेतनासाठी आणि घरी गेलेल्या रुग्णांच्या पाठपुराव्यासाठी द्यावी. या खर्चातून भिंतीवर नाव कोरता येईल अशी वस्तू उभी राहत नाही, हेही आम्ही स्पष्ट सांगितले. त्यांनी विनंती मान्य केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

कुटुंबीयांसाठी थोडेसे

त्या वडिलांना आम्ही सांगितले ते असे. मुलीच्या वाढलेल्या सीआरपीचे कारण आम्ही शोधू आणि त्यावर उपचार करू, कारण शरीराचा आजार तसाच ठेवणे मनालाही हितावह नाही. परंतु तिचे विचार कळण्यासाठी अहवालाकडे नव्हे, तिच्याकडे पाहावे. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी ओळखले, याने मन हलके होते. उपदेश, दरडावणे, ‘तुला काय कमी आहे’ असे म्हणणे टाळावे. ऐकून घ्यावे. अशा दिवसांत व्यक्तीला एकटे ठेवू नये आणि औषधांचा साठा, शेतीची कीटकनाशके कुलूपबंद ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. सुरू असलेली औषधे, बरे वाटू लागले म्हणून, डॉक्टरांना न विचारता थांबवू नयेत.

दीर्घ आजाराच्या रुग्णांकडेही याच नजरेने पाहावे. क्षय, संधिवात, कर्करोग यांचा रुग्ण गप्प गप्प राहू लागला, तर ‘आजारपणामुळे असेल’ असे म्हणून सोडून देऊ नये. आजारपणामुळे असेलही, पण म्हणूनच त्याची दखल घ्यावयास हवी. दाहाच्या संशोधनाने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी शिकवण बहुधा हीच आहे. मन खचणे हा स्वभावाचा दोष नव्हे, भेकडपणा नव्हे, देवाची शिक्षाही नव्हे. ज्या शरीराला ताप येतो, त्याच शरीराचा मेंदू हा एक भाग आहे आणि त्यालाही आजार होतो, उपचारही होतो.

कायद्याची भीती बाळगूनही अनेक कुटुंबे गोष्ट लपवतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर आहे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९, दिनांक १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्या रूपात राहिलेले नाही. तेव्हा नोंद होईल या भीतीने कोणीही उपचारांना उशीर करू नये. शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतूनही बोलता येते. आमच्या रुग्णालयात येण्यास संकोच वाटत असेल, तर निदान तेथे अवश्य बोलावे.

ती मुलगी अद्याप आमच्याकडे येते. मागच्या खेपेस तिच्या वडिलांनी सवयीने अहवाल पुढे केला, मग स्वतःच तो घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही आधी तिच्याशी बोला.” आपण सर्वांनी दिलेल्या साहाय्यामुळेच असे बोलण्यासाठी आमच्याकडे एक खोली आहे, एक माणूस आहे आणि पुरेसा वेळ आहे.